अ‍ॅड्रेनलिन वाढवलं, पण हृदय उठलं नाही : बायपासनंतर थकलेल्या बीटा रिसेप्टरचं एक प्रकरण

हार्ट-लंग मशीनवरून (शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रावरून) उतरताना हृदय कमजोर आकुंचन पावत असेल, तर हात आपोआप अ‍ॅड्रेनलिनच्या सिरिंज पंपाकडे जातो. बऱ्याच वेळा ते बरोबरच असतं. पण काही रुग्णांत मात्रा दुप्पट केली तरी आकुंचनात फरक पडत नाही. नाडी तेवढी पळत सुटते आणि लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडल्याची नेहमीची खूण) चढतं. हे प्रकरण त्या अर्ध्या तासाचं आणि त्यानंतरच्या तीन दिवसांचं आहे. यातला रुग्ण कोणी एक व्यक्ती नाही. अशा शस्त्रक्रियांत पुन्हा पुन्हा समोर येणारी परिस्थिती नीट समजावी म्हणून बांधलेलं हे नमुना प्रकरण आहे. औषधांच्या मात्रा आणि पेशीतल्या घडामोडी मात्र नेहमीच्या व्यवहारातल्या आहेत.

रुग्ण ५८ वर्षांचा पुरुष, वजन ७० किलो, शरीराचं पृष्ठफळ १.७५ चौरस मीटर. तिन्ही कोरोनरी धमन्यांत अडथळे, इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला डाव्या जवनिकेतून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा हिस्सा) ३० टक्के, मायट्रल झडपेतून मध्यम ते तीव्र गळती. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) १.२. दोन वर्षांपासून मेटोप्रोलॉल सक्सिनेट (बीटा ब्लॉकर) ५० मिलिग्रॅम, सोबत रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइड. रॅमिप्रिल आदल्या दिवशी थांबवलं. मेटोप्रोलॉल शस्त्रक्रियेच्या सकाळीही दिलं. ते अचानक बंद केलं असतं तर नाडी आणि रक्तदाब उसळण्याचा, नंतर एट्रियल फिब्रिलेशन (कर्णिकांची अनियमित लय) होण्याचा धोका वाढला असता. ठरलेली शस्त्रक्रिया : तीन ग्राफ्ट (अडथळ्याला वळसा घालणाऱ्या रक्तवाहिन्या) आणि मायट्रल झडपेला रिंग.

टेबलावर येण्याआधीच कमी झालेलं भांडवल

बीटा रिसेप्टर म्हणजे अ‍ॅड्रेनलिनचा निरोप पेशीत पोचवणारी पृष्ठभागावरची प्रथिनं. निरोगी माणसाच्या जवनिकेतल्या (हृदयाच्या खालच्या, रक्त ढकलणाऱ्या कप्प्यातल्या) बीटा रिसेप्टरपैकी साधारण ८० टक्के बीटा-१ आणि २० टक्के बीटा-२ असतात. हृदय बराच काळ निकामी होत राहिलं की हे प्रमाण ६०:४० च्या आसपास येतं, कारण बीटा-१ ची संख्या घटते आणि बीटा-२ ची फारशी घटत नाही. निकामी मानवी हृदयात रिसेप्टरची घनता कमी होते, हे ब्रिस्टो आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवलं. कारण सरळ आहे. अशक्त हृदयाला सावरण्यासाठी शरीर महिनोन्‌महिने नॉरअ‍ॅड्रेनलिन ओतत राहतं आणि पेशी त्या माऱ्यापासून स्वतःला वाचवण्यासाठी दारं कमी करते. मेटोप्रोलॉलमुळे ती दारं थोडी परत उघडतात. बीटा ब्लॉकर चालू ठेवण्यामागे हेही एक कारण आहे, आणि पूर्वतपासणीत ते अनेकदा विसरलं जातं.

कार्व्हेडिलॉलवरच्या रुग्णात चित्र वेगळं असतं. ते बीटा-१, बीटा-२ आणि अल्फा-१ या तिघांनाही अडवतं आणि मेटोप्रोलॉलसारखी बीटा-१ ची संख्या वाढवत नाही. अशा रुग्णात डोब्युटामिन (बीटा रिसेप्टरला चेतवणारं औषध) फिकं पडतं, पण मिल्रिनोनसारखी, फॉस्फोडायएस्टरेज अडवणारी औषधं चालतात. म्हणून पूर्वतपासणीच्या कागदावर नुसतं ‘बीटा ब्लॉकर चालू’ असं लिहून भागत नाही. कोणतं आणि शेवटची मात्रा कधी, हे लिहावंच लागतं.

मशीनवर असताना काय घडतं

हेपरिन ४०० युनिट प्रति किलो, एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) ४८० सेकंदांच्या वर, पंपाचा प्रवाह २.४ लिटर प्रति मिनिट प्रति चौरस मीटर, तापमान ३२ अंश. महाधमनीवरचा क्लॅम्प (चिमटा) १०८ मिनिटं, बायपासचा, म्हणजे मशीनवरचा, एकूण वेळ १५५ मिनिटं.

या वेळात रक्तातली अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनची पातळी वरवर सरकत जाते. मशीनमधल्या द्रवाने रक्त पातळ होतं तेव्हा ती क्षणभर उतरते. नंतर मात्र अनेक पटींनी वाढते आणि क्लॅम्प सुटताना, शरीर परत गरम होताना शिखराला पोचते. शस्त्रक्रियेचा ताण हे एक कारण झालं. दुसरं कारण म्हणजे फुप्फुसं प्रवाहाबाहेर गेलेली असतात. एरवी फुप्फुसांतून जाताना रक्तातलं साधारण पाव हिस्सा नॉरअ‍ॅड्रेनलिन काढून घेतलं जातं. अ‍ॅड्रेनलिन तिथून जवळजवळ जसंच्या तसं पुढे जातं. बायपासवर ही चाळणी बंद असते आणि थंडीमुळे औषधांची व संप्रेरकांची विल्हेवाटही मंदावते.

आता रिसेप्टरजवळ जाऊ. अ‍ॅड्रेनलिन बीटा-१ वर बसतं, आतल्या बाजूचं जीएस प्रथिन जागं होतं, अ‍ॅडेनिलिल सायक्लेज नावाचं एन्झाइम चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू बनवतं, त्याने प्रोटीन काइनेज-ए चालू होतं. हे काइनेज कॅल्शियमची वाहिनी उघडी ठेवतं आणि फॉस्फोलॅम्बनचा ब्रेक सोडतं. परिणामी आकुंचन जोरात होतं आणि स्नायू लवकर सैलही पडतो. ही साखळी तुटते ती सुरुवातीच्याच दुव्यापाशी. जो रिसेप्टर सतत अ‍ॅड्रेनलिन धरून बसला आहे, त्याच्या पेशीतल्या शेपटीवर जीआरके-२ हे एन्झाइम फॉस्फेट चिकटवतं. त्या फॉस्फेटवर बीटा-अरेस्टिन येऊन बसतं आणि जीएस प्रथिनाला जागाच उरत नाही. रिसेप्टर पृष्ठभागावरच असतो, अ‍ॅड्रेनलिनही त्याला चिकटलेलं असतं, पण आत निरोप जात नाही. यालाच अनकपलिंग म्हणतात आणि ते काही मिनिटांत होतं. त्यानंतर रिसेप्टर पिशवीत गुंडाळून पेशीच्या आत ओढला जातो. तिथे काहींचं फॉस्फेट निघतं आणि ते परत पृष्ठभागावर येतात, काही मोडीत निघतात. मोडलेल्यांच्या जागी नवे बनायला दिवस लागतात. या रिसेप्टर-कुटुंबावरच्या कामासाठी रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

बायपासच्या वेळी नेमकं हेच घडतं याचा प्रयोगातला पुरावा १९९१ मध्ये डेब्रा श्विन आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयावर मांडला : आधी अनकपलिंग, मागून संख्येत घट. पुढच्या कामातून असंही दिसलं की बिघाड केवळ रिसेप्टरपुरता नसतो, अ‍ॅडेनिलिल सायक्लेजचाही जोर कमी होतो. उपचार ठरवताना हा दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो. तो पुढे येईल.

पहिला प्रयत्न

क्लॅम्प निघाला, दोन शॉकनंतर लय आली. तापमान ३६.५. अ‍ॅड्रेनलिन ०.०५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. ५० मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम असलेल्या सिरिंजवर याचा वेग ताशी २.६ मिलिलिटर येतो. मशीनचा प्रवाह उतरवला तेव्हा कार्डिअ‍ॅक इंडेक्स (शरीरपृष्ठाच्या दर चौरस मीटरमागे हृदय मिनिटाला किती लिटर रक्त फेकतं ते) १.८, नाडी ९६, सरासरी दाब ५८.

मात्रा टप्प्याटप्प्याने ०.१२ वर नेली, म्हणजे ताशी ६.३ मिलिलिटर. दहा मिनिटांनंतर इंडेक्स १.७, नाडी ११८, सरासरी दाब ५४, फुप्फुसधमनीचा वेज दाब (डाव्या हृदयाच्या भरणीच्या दाबाचा अंदाज) २२, मिश्र शिरारक्ताचं सॅच्युरेशन (शरीराने वापरून परत आलेल्या रक्तात उरलेला ऑक्सिजन) ५८. लॅक्टेट २.१ वरून ५.४. साखर २४८. पोटॅशियम ४.३ वरून ३.४.

इथे थांबून इंडेक्सला नाडीने भागून पाहायला हवं. पहिल्या वेळी १.८ भागिले ९६, म्हणजे दर ठोक्याला १८.८ मिलिलिटर प्रति चौरस मीटर. दुसऱ्या वेळी १.७ भागिले ११८, म्हणजे १४.४. औषध दुपटीहून जास्त झालं आणि ठोका जवळजवळ पाव हिश्श्याने लहान झाला. मॉनिटरवर नाडीचा मोठा आकडा पाहून ‘औषध लागू पडतंय’ असं वाटतं, ती फसगत या एका भागाकाराने टळते.

आकडे आणखीही काही सांगतात. नाडी चढली, पोटॅशियम पेशीत शिरलं, लॅक्टेट चढलं. ही बीटा-२ ची खूण आहे. सायनस नोडमध्ये बीटा-२ चं प्रमाण भोवतालच्या स्नायूपेक्षा जास्त असतं. हाडांवरच्या स्नायूंमध्ये बीटा-२ मुळे ग्लायकोजेन फुटतं, पायरुव्हेट साचतं आणि त्याचं लॅक्टेट होतं. साखर वाढण्याला शस्त्रक्रियेच्या ताणाचा आणि कॉर्टिसोलचाही हात असतो, म्हणून तिच्यावर एवढा भर देऊ नये. पण एकूण अर्थ स्पष्ट आहे. सिरिंज पंप चालू आहे, नळी सुटलेली नाही, सिरिंज चुकीची भरलेली नाही. औषध शरीरभर पोचतंय. त्याला उत्तर देत नाहीये ती एकटी जवनिका.

तरीही रिसेप्टरवर बोट ठेवायची घाई करू नये. हे निदान शेवटी करायचं असतं आणि त्याआधीची यादी न चुकता पुरी करावी लागते, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट टेबलावरच दुरुस्त होण्यासारखी असते. टीईईवर (अन्ननलिकेतून केलेल्या इकोवर) पाहिलं : रिंगनंतर गळती नाममात्र, मायट्रलचं पान बाहेर पडण्याच्या मार्गात ओढलं जात नाही, डाव्या जवनिकेत हवा नाही, उजवी जवनिका ठीक. डाव्या जवनिकेच्या सर्व भिंती सारख्याच मंद हलत होत्या. एकच भिंत थांबलेली असती तर आधी त्या भागाचा ग्राफ्ट तपासावा लागला असता. ट्रान्झिट-टाइम फ्लोमीटरवर तिन्ही ग्राफ्टचा प्रवाह २० मिलिलिटर प्रति मिनिटाच्या वर, पल्सॅटिलिटी इंडेक्स (ग्राफ्टमधल्या अडथळ्याचा अंदाज) ५ च्या आत. ईसीजीत एसटी सरळ. पीएच ७.३३, आयनित कॅल्शियम १.०८, हिमोग्लोबिन ८.९.

क्लॅम्पच्या काळातल्या रक्तटंचाईने स्नायू सुन्न होतो, त्याला स्टनिंग म्हणतात. इथे तेही असणारच. पण सुन्न स्नायू सहसा अ‍ॅड्रेनलिन, डोब्युटामिनला साद देतो. रक्तपुरवठा नीट आहे आणि तरी साद नाही, तेव्हा संशय साखळीच्या पहिल्या दुव्यावर येतो. सकाळच्या मेटोप्रोलॉलचाही थोडा वाटा असू शकतो. त्याचा अडथळा स्पर्धेचा असतो, म्हणून जास्त अ‍ॅड्रेनलिनने तो हटायला हवा. इथे जास्त मात्रेवर आकुंचन आणखी घसरलं. दोन्ही कारणांची टेबलावर फोड करणं शक्य नाही आणि गरजेचंही नाही, कारण दोन्हींवरचा मार्ग एकच आहे : रिसेप्टरला वळसा घालायचा.

या क्षणी दोन चुका नेहमी होतात. पहिली, अ‍ॅड्रेनलिन ०.२ वर नेणं. जितकं अ‍ॅड्रेनलिन जास्त, तितके रिसेप्टर जास्त धरले जातात, जीआरके-२ ला तितकं जास्त काम मिळतं. ऑक्सिजनची मागणी वाढते, डायस्टोल (हृदय सैल पडून भरण्याचा काळ) आखडतं आणि कोरोनरींना भरायला वेळ उरत नाही. दुसरी चूक, एक ग्रॅम कॅल्शियम क्लोराइडचा झटका देणं. आयनित कॅल्शियम खरोखर कमी असेल तर ते जरूर भरून काढावं. पण पातळी ठीक असताना दिलेलं कॅल्शियम दाब थोडा वेळ उचलतं आणि अ‍ॅड्रेनलिनचा हृदयावरचा परिणाम उलट बोथट करतं. हृदयात जे अ‍ॅडेनिलिल सायक्लेज मुख्यत्वे असतं, पाचव्या आणि सहाव्या प्रकारचं, ते कॅल्शियमने दबतं. आधीच थकलेल्या एन्झाइमवर आणखी दडपण आणण्यात काही शहाणपण नाही.

दुसरा प्रयत्न

मशीनचा प्रवाह पूर्ण केला. हृदयाला रिकामं ठेवून १५ मिनिटं विसावा दिला. आमच्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा उपचार हाच आणि घाईत तोच गाळला जातो. अ‍ॅड्रेनलिन ०.०३ वर आणलं, म्हणजे ताशी १.६ मिलिलिटर. कर्णिका आणि जवनिका दोन्हींवर पेसिंगच्या (विजेच्या ठोक्यांनी हृदय चालवण्याच्या) तारा टाकून ९० च्या गतीने क्रमवार पेसिंग सुरू केलं. पोटॅशियम ४.५ पर्यंत भरलं.

मिल्रिनोनची पहिली मोठी मात्रा मशीनवर असतानाच दिली : ५० मायक्रोग्रॅम प्रति किलो, म्हणजे ३.५ मिलिग्रॅम, १० मिनिटांत. मग ०.३७५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅमच्या द्रावणात ताशी ७.९ मिलिलिटर. मशीनवर असतानाच का, तर ही मात्रा रक्तवाहिन्या सैल करते आणि दाब पाडते. मशीन चालू असताना तो खड्डा भरणं सोपं. मशीनवरून उतरल्यावर अशक्त हृदयावर तीच मात्रा झटक्यात दिली तर सरासरी दाब ४० च्या घरात जाऊ शकतो आणि मग सगळी घडी विस्कटते.

मिल्रिनोन फॉस्फोडायएस्टरेज-३ ला अडवतं. हे एन्झाइम चक्रीय एएमपी मोडत असतं. ते अडलं की जेवढं चक्रीय एएमपी बनतंय ते टिकतं. रिसेप्टर बंद असला तरी चालतं. मात्र मिल्रिनोन स्वतः चक्रीय एएमपी बनवत नाही, मोडतोड फक्त थांबवतं. सायक्लेजचा जोर पार गेला असेल तर वाचवायला काहीच उरणार नाही. म्हणूनच अ‍ॅड्रेनलिन पूर्ण बंद न करता ०.०३ ठेवलं : उरल्यासुरल्या चालू रिसेप्टरवर थोडा थेंब पडत राहावा आणि जे बनेल ते मिल्रिनोनने सांभाळावं. दोन्ही कमी मात्रेत मिळून जे करतात ते एकाच्या मोठ्या मात्रेने होत नाही.

हेही फसलं असतं तर पुढचे दोन पर्याय तयार होते. लेव्होसिमेंडान ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, तेही सुरुवातीच्या मोठ्या मात्रेशिवाय. ते ट्रोपोनिन-सी वर (स्नायूतल्या कॅल्शियम पकडणाऱ्या प्रथिनावर) काम करतं, म्हणून त्याचा मुख्य परिणाम या साखळीवर अवलंबून नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांना ते देऊन मृत्यू घटले नाहीत, त्यामुळे सरसकट देण्याचं ते औषध नव्हे. दुसरा पर्याय इंट्रा-एऑर्टिक बलून (महाधमनीत फुगवून-मिटवून हृदयाला आधार देणारा फुगा). त्याला कोणताही रिसेप्टर लागत नाही. महाधमनीच्या झडपेला लक्षणीय गळती नाही, एवढं आधी पाहायचं.

२५ मिनिटांनी पुन्हा उतरवलं. इंडेक्स २.४, पेसिंग ९०, म्हणजे ठोका २६.७ मिलिलिटर प्रति चौरस मीटर. वेज दाब १६. टीईईवर भिंती जाड होताना दिसू लागल्या.

सरासरी दाब मात्र ५२. आता अडचण रक्तवाहिन्यांची होती. मिल्रिनोन, शरीर गरम होणं, बायपासची दाहक प्रतिक्रिया, सगळ्यांनी त्या सैल केलेल्या. नॉरअ‍ॅड्रेनलिन ०.०६ वर चालू केलं आणि सोबत व्हॅसोप्रेसिन मिनिटाला ०.०३ युनिट. व्हॅसोप्रेसिन व्ही-१ए रिसेप्टरवर काम करतं. हा दरवाजा वेगळा आहे, अ‍ॅड्रेनलिनच्या माऱ्याने तो थकलेला नसतो, आणि फुप्फुसाच्या वाहिन्या त्याने फारशा आवळत नाहीत. दाब ६८ वर स्थिरावला. मग प्रोटामिन (हेपरिनचा उतारा), सावकाश.

कॉर्टिसोलची बाजू

ताणाचं दुसरं संप्रेरक थोडक्यात. कॉर्टिसोलचा रिसेप्टर पेशीच्या आत असतो, तो केंद्रकात जाऊन जनुकांवर काम करतो. बीटा रिसेप्टर नव्याने बनवण्याला त्याचा हातभार असतो. म्हणजे कॉर्टिसोल कमी पडलं तर अ‍ॅड्रेनलिनची दारं भरून यायलाही उशीर. या रुग्णात एटोमिडेट हे भुलीचं औषध टाळलं होतं, कारण त्याची एकच मात्रा ११-बीटा-हायड्रॉक्सिलेज अडवून कॉर्टिसोलची निर्मिती सुमारे दिवसभर दाबू शकते. मग सर्वांनाच स्टेरॉइड (कॉर्टिसोलसारखं काम करणारं औषध) का देऊ नये? २०१२ च्या डेक्स चाचणीत ४,४९४ रुग्ण होते, २०१५ च्या सर्स चाचणीत ७,५०७. एकात डेक्सामेथासोन, दुसरीत मिथाइलप्रेडनिसोलोन. दोन्हींत सरसकट दिल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. इथे दिलं नाही.

आयसीयूतली पहिली रात्र

चार तासांनी लॅक्टेट ६.१. इथे रात्रपाळीतल्या माणसाचा हात पुन्हा अ‍ॅड्रेनलिनकडे जातो. त्याआधी पाहायचं ते असं : मिश्र शिरारक्ताचं सॅच्युरेशन ६७, इंडेक्स २.५, हातपाय गरम, पोट मऊ. रक्त पोचतंय, तरी लॅक्टेट वाढलंय, तेव्हा ते अ‍ॅड्रेनलिनने बनवलेलं असण्याची शक्यता मोठी. अ‍ॅड्रेनलिन ०.०२ केलं. दोन तासांत लॅक्टेट ४.८, पहाटे २.६. सॅच्युरेशन ५५ असतं किंवा पोट फुगलेलं असतं, तर हाच आकडा धोक्याचा होता आणि आधी टॅम्पोनाड (हृदयाभोवती रक्त साचून पडणारा दाब), मग आतड्याचा रक्तपुरवठा शोधावा लागला असता.

दुसरा खड्डा मूत्रपिंडाचा. पहाटे लघवी ०.४ मिलिलिटर प्रति किलो प्रति तास, क्रिएटिनिन १.७. मिल्रिनोन मुख्यतः मूत्रपिंडातून जातं. हृदयविकाराच्या रुग्णात त्याचं अर्धायुष्य दोन-अडीच तास धरतात, लघवी घटली की ते बरंच लांबतं. पंपाचा वेग तोच ठेवला तरी रक्तातली पातळी चढत राहते, वाहिन्या आणखी सैल होतात, नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढवावं लागतं आणि कोणाला वाटतं सेप्सिस (संसर्गाने शरीरभर होणारा गंभीर बिघाड) सुरू झालं. म्हणून क्रिएटिनिन कळताच मिल्रिनोन ०.२५ वर उतरवलं, म्हणजे ताशी ५.३ मिलिलिटर. दुपारपर्यंत नॉरअ‍ॅड्रेनलिन ०.०२ वर आलं.

उतरवण्याचा क्रमही ठरवून ठेवला होता : आधी अ‍ॅड्रेनलिन, कारण रिसेप्टरला विसावा हवा तो त्याच्यापासून. मग नॉरअ‍ॅड्रेनलिन, त्यामागून व्हॅसोप्रेसिन, शेवटी मिल्रिनोन. अ‍ॅड्रेनलिन १८ व्या तासाला बंद झालं, मिल्रिनोन ४८ व्या तासाला. मिल्रिनोन बंद केल्यावर सहा तास इंडेक्स आणि सॅच्युरेशनवर लक्ष ठेवलं, कारण औषध हळू उतरतं आणि घसरणही उशिरा दिसते. पहिल्या तासात सगळं ठीक दिसलं म्हणून हे मोजणारं फुप्फुसधमनीतलं कॅथेटर काढून टाकणं ही चूक महागात पडते.

दुसऱ्या संध्याकाळी एट्रियल फिब्रिलेशन आलं, गती १३०. बीटा ब्लॉकरची घाई केली नाही, मिल्रिनोन अजून चालू होतं. अमिओडारोन १५० मिलिग्रॅम १० मिनिटांत, मग मिनिटाला १ मिलिग्रॅम सहा तास आणि पुढे ०.५. मॅग्नेशियम २ ग्रॅम. आठ तासांत लय परत आली.

मेटोप्रोलॉल कधी? लवकर दिलं तर विसावलेल्या पण अजून अपुऱ्या रिसेप्टरवर झाकण पडतं आणि हृदय पुन्हा ढेपाळतं. फार उशीर केला तर शरीरातलं नॉरअ‍ॅड्रेनलिन मोकाट राहतं आणि झालेली झीज चालूच राहते. ठरवलं ते असं : आकुंचन वाढवणारं शेवटचं औषध बंद होऊन २४ तास, सरासरी दाब ६५ च्या वर, हातपाय गरम, लॅक्टेट २ च्या खाली. चौथ्या दिवशी सकाळी हे चारही जमलं. मेटोप्रोलॉल सक्सिनेट १२.५ मिलिग्रॅम दिलं, आधीच्या मात्रेच्या पाव. घरी जाताना इकोवर इजेक्शन फ्रॅक्शन ३५ टक्के होतं. डिस्चार्जच्या कागदावर दोन ओळी ठळक लिहिल्या : मेटोप्रोलॉल दुप्पट करायचं ते दोन आठवड्यांनी, नाडी आणि दाब पाहून, आणि पुढे कधी भूल देण्याची वेळ आली तर या हृदयाने अ‍ॅड्रेनलिनला साद दिली नव्हती, मिल्रिनोनला दिली होती.